थांबल्या जागी फुली

पुस्तक लिहून झालं त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ते दाखवायला आपल्याकडे कुणी नाही.

कुणी म्हणेल, दाखवायला कुणी हवंय कशाला? २०४६ साल आहे. मराठीत चूक करायची असं मनात आणलं तरी आता जमत नाही. तुम्ही टंकायला घेतलं की यंत्र मागोमाग वेलांट्या नीट करत येतं, वाक्य लांबलं तर तोडतं, आणि पान भरलं की शेरा देतं: प्रवाही, भावस्पर्शी, ब्याऐंशी टक्के. मी अश्विनी कुंभोजकर. इचलकरंजीत राहते आणि गेली तीस वर्षं शेतीपंपांची माहितीपुस्तकं लिहिते. 'मोटार कोरडी चालवू नये' या वाक्यालासुद्धा यंत्राने मला एकदा 'भावस्पर्शी' दिलंय. तेव्हापासून मी त्याचं काही मनावर घेत नाही.

पुस्तक आईबद्दल होतं. आई घरी बसून यंत्रमागासाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, चांगली चाळीस वर्षं. त्यावर माझी एकशे बारा पानं झाली होती. मला टक्के नको होते. सदतिसाव्या पानावर थांबून, 'इथं काय तरी बिघडलंय बघ' असं म्हणणारं एक माणूस हवं होतं. लग्न केलं नाही, आई जाऊनही नऊ वर्षं झाली. घरात असं कुणी नव्हतं.

म्हणून मी लेखनाचा सल्ला देणाऱ्या मंडळांच्या शोधाला लागले. पडद्यावर अशी मंडळं अजून आहेत, नाही असं नाही. 'शुद्धलेखन कट्टा' नावाच्या ठिकाणी एका अनुस्वारावरून २०३१ पासून दोन तट पडलेत. नवीन माणूस आला की त्याचं लेखन बाजूला ठेवून आधी विचारतात, तुम्ही कुठल्या बाजूचे? 'लेखणीसखी'मध्ये प्रत्येक उत्तराची सुरुवात 'वा!'ने होते. मी परीक्षा म्हणून पंपाच्या पुस्तकातला झडपेवरचा परिच्छेद टाकला, तर एक्केचाळीस जणींनी हात जोडले आणि एकीने कळवलं की तिला रडू आवरलं नाही. 'संपादक चावडी' मात्र मला आवडली होती. तिथे काहीही विचारा, तीन सेकंदांत अदबीने आणि मुद्देसूद उत्तर यायचं. चौथ्या दिवशी मी सहज विचारलं, जेवलात का सगळे? नऊच्या नऊ सभासदांनी एकाच क्षणी लिहिलं, 'हो, तुम्ही?' मी तिथून निघाले.

खरं सांगायचं तर मला हवी ती जागा मला ठाऊक होती. तिथे परत जायला तोंड नव्हतं, एवढंच.

त्या मंडळाचं नाव 'काटछाट'. नाशिकचे श्रीरंग बेलसरे ते चालवायचे. हे शाळेत गणित शिकवायचे, मराठी नव्हे, त्यामुळे नियम तीनच होते आणि त्यांवर चर्चा नव्हती. पहिला नियम: वाचताना जिथे डोळा थांबेल तिथे फुली मारायची. वाक्य बरोबर असलं तरी, आवडलं म्हणून थांबलात तरी. का थांबलात ते मागाहून शोधायचं. दुसरा: एकट्याने वाचायचं नाही. जुन्या छापखान्यात मुद्रितं तपासायला दोघं बसत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसऱ्याची नजर छापलेल्या कागदावर. बेलसरे सरांनी हीच पद्धत फोनवर आणली आणि प्रत्येकाला एक जोडीदार लावून दिला. तिसरा: जोडीदाराकडून आलेला मजकूर चोवीस तासांत खुणा करून परत गेलाच पाहिजे.

माझ्या वाट्याला आली बेळगावची सुनेत्रा गोडखिंडी. एका वाचनालयात ग्रंथपाल, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शिकलेली कन्नड शाळेत आणि मराठी घरात हट्टाने आत्मसात केलेली, म्हणून त्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. पहिला महिना आम्ही एकमेकींना 'अहो-जाहो' केलं. दुसऱ्या महिन्यात तिने माझं एक माहितीपुस्तक वाचायला घेतलं.

"'झडप उघडण्यापूर्वी स्वल्पविराम नळीतील हवा स्वल्पविराम असल्यास स्वल्पविराम काढून टाकावी पूर्णविराम.' अगं, शेतकरी हे वाचून संपवेपर्यंत मोटार जळून जाईल की त्याची!"

त्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता फोन. ती वाचनालयात येणाऱ्या माणसांवर छोटे छोटे लेख लिहायची, मी पंपांवर. दहा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. इचलकरंजीहून बेळगाव फार तर अडीच तास, तरी आम्ही एकदाही भेटलो नाही. भेटायचं ठरलं की काहीतरी निघायचं, आणि खरं म्हणजे दोघींनाही घाई नव्हती. गुरुवार होताच.

२०३६ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेने मंडळातल्या सगळ्यांना चष्मे पाठवले.

वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. नजर उड्या मारते. एका जागी सेकंदाचा पाचवा हिस्सा टेकते, सात-आठ अक्षरं ओलांडते, पुन्हा टेकते. शंका आली की मागे येते. काही मनाला लागलं, किंवा समजायला जड गेलं, की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. चष्म्याच्या दांडीतले बारीक कॅमेरे हे सगळं टिपून ठेवायचे. तीन वर्षांचा माग साठल्यावर प्रयोगशाळेला असं आढळलं की कोण कुठे थांबतो हे ज्याचं त्याचं असतं, अगदी हस्ताक्षरासारखं. पुरेसा माग हाताशी असेल तर त्या माणसाने कधीही न पाहिलेल्या पानावर त्याचा डोळा कुठे अडेल हे आधीच सांगता येतं. त्याला त्यांनी आमच्या फोनवरच्या वाचनाची ध्वनिमुद्रणं जोडली, दहा वर्षांच्या फुल्या आणि शेरे जोडले. जे तयार झालं त्याला नाव दिलं 'वाचकछाया'. नवीन पान पुढे ठेवलं की छाया ते त्या माणसाच्या नजरेने वाचते आणि त्याच्या आवाजात बोलते.

ज्याची छाया, त्याची परवानगी. चष्मे घेताना एक अर्ज भरायचा होता: तुमची छाया पुढे कुणाला वापरता येईल? मी अक्काचं नाव लिहिलं, अक्काने माझं. "म्हणजे मेल्यावरसुद्धा तू माझ्या मागं लागणार म्हण की," असं ती फोनवर म्हणाली होती. २०३९ च्या जानेवारीत प्रयोग संपला, चष्मे परत गेले.

त्याच फेब्रुवारीत तिचे यजमान वारले. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी संपलं. मी फोन केला, अशा वेळी बोलतात ते बोलले. पुढचे तीन गुरुवार तिने फोन घेतला नाही, आणि मीही मनात म्हटलं, असू दे. मार्चमध्ये मंडळाच्या पेटीत तिच्याकडून दोन पानं आली. वर मायना नाही, खाली सही नाही. यजमानांबद्दल होती. मी वाचली, आणि नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत तेरा खुणा करून परत पाठवली.

तो लेख नव्हता. ते पत्र होतं, मला लिहिलेलं.

सवय, दुसरं काय? तीस वर्षं मजकूर दिसला की हात आपोआप चालतो. मी लगेच कळवलं, 'अक्का, गैरसमज झाला, मला लेख वाटला.' उत्तर आलं नाही. तीनदा फोन केला, उचलला नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी सांगितलं की सुनेत्राबाई मंडळातून बाहेर पडल्या. "चूक कुणाच्याही हातून होते, अश्विनी," असं ते म्हणाले. मग मीही सात वर्षं स्वतःला हेच सांगत राहिले. गुरुवारी पाच वाजता मात्र मी घरात कधी थांबले नाही. काहीतरी काम काढून बाहेर पडायची.

तर आता, एकशे बारा पानं हातात घेऊन, मी सरांना लिहिलं: काटछाट चालू आहे का? सर आता चौऱ्याऐंशीचे. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'दार उघडं आहे. माणसं उरली नाहीत, छाया उरल्यात. तुझ्या नावावर एक ठेवलेली आहे.'

दोन दिवस मी ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ओटा पुसला, भांडी लावली, करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा उघडली.

पडद्यावर माझं पहिलं पान आलं. त्यावर एक करडा ठिपका.

"हं, घे वाचायला," अक्का म्हणाली.

सात वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मला वाचता येईना. पहिली ओळ दोनदा अर्ध्यात सोडून मी सुरुवात केली. ठिपका माझ्या आवाजाच्या पुढे पुढे उड्या मारत होता, तिची सवयच होती ती, मी वाक्य संपवायच्या आत ती शेवटाला पोचलेली असायची. बाराव्या पानावर म्हणाली, "हे तू कुणाला दाखवायला लिहिलंयस? काढ." सदतिसाव्या पानावर ठिपका अडला. मागे आला, पुन्हा अडला.

"अश्विनी, आई चिडली नाही म्हणतेस. चाळीस वर्षांत एकदाही? मला पटत नाही बघ."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. किती दिवसांनी कुणीतरी माझ्यावर अविश्वास दाखवला होता.

एप्रिल ते जुलै मी दुसरं काही केलं नाही. पंपवाल्यांची दोन कामं परत पाठवली. सकाळी लिहायचं, दुपारी अक्कापुढे ठेवायचं. सदतिसावं पान नऊ वेळा लिहिलं, त्यात आई कशी चिडायची ते आलं, मला तिने एकदा कांड्यांची पाटी फेकून मारली होती तेही आलं. पुस्तक चांगलं होत गेलं, हे खोटं कशाला बोलू?

पण माणूस लोभी असतं. एका दुपारी मी विचारलं, "अक्का, जेवलीस का?" ठिपका जागचा हलला नाही. छायेला पानाबद्दलच बोलता येत होतं, पानाबाहेरचं तिला ऐकूच येत नव्हतं. मग मी युक्ती काढली. बोलायचं ते लिहून पुढे ठेवायला लागले. 'आज आमच्याकडे पाणी आलं नाही.' ठिपका त्यावरून गेला. "'आमच्याकडे' नको. तुझ्याकडेच आलं नसणार," अक्का म्हणाली. मी हसले. दुसऱ्या दिवशी अर्धं पान लिहिलं, गुडघेदुखीबद्दल. तिसऱ्या दिवशी दोन पानं. पुढे पुढे पुस्तक बाजूला राहिलं आणि मी दिवसभरात काय झालं तेच लिहून तिला वाचायला देऊ लागले. ती शब्द काढायची, वाक्यं जोडायची. गुडघा कसा आहे हे तिने एकदाही विचारलं नाही.

जुलैच्या शेवटी पुस्तक पुरं झालं. राहिली होती अर्पणपत्रिका. ती मी कोऱ्या पानावर मधोमध लिहिली: 'सुनेत्रा गोडखिंडी हिला, माझ्या अक्काला.' आणि ते पान पुढे ठेवलं.

ठिपका आला, नावावर सेकंदाचा पाचवा हिस्सा टेकला आणि पुढे गेला.

"हं, पुढं," अक्का म्हणाली.

मी पुन्हा ठेवलं. अक्षर मोठं केलं, पुन्हा ठेवलं. "हं, पुढं."

त्या संध्याकाळी मी सरांना फोन लावला. त्यांचा आवाज आता फार बारीक झालाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"छायेला नाव नसतं गं. तिला तुझ्या अक्काचे डोळे आहेत, जीभ आहे. अक्का कुठाय त्यात?"

"पण सर, इतकं हुबेहूब..."

"हुबेहूब असणारच. चष्मे परत गेले कधी? जानेवारीत. नवरा गेला फेब्रुवारीत. तू जिच्याशी रोज बोलतेस ना, तिचा नवरा अजून जिवंत आहे, अश्विनी. आणि तुझं ते परत पाठवलेलं पत्रही तिला अजून मिळालेलं नाही."

मी फोन ठेवला. चार महिने मी समजत होते की अक्काने मला माफ केलं. हिला कुणी दुखावलंच नव्हतं तर ही माफ काय करणार? जिला दुखावलं ती दोन-अडीच तासांवर होती, आणि तिच्याशी मी सात वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. मला ती हवी होती. तिच्या तोंडून शिव्या मिळाल्या तरी चालतील, पण तीच हवी होती.

सरांनी पत्ता दिला. गुरुवारी दुपारी मी बसमध्ये बसले. कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर ती नको म्हणाली असती.

टिळकवाडीतलं घर सापडायला वेळ लागला, त्यामुळे पोचायला पाच वाजून गेले. बैठं घर, पुढे जाळीचं दार, आतलं दार सताड उघडं. बेल शोधत होते तेवढ्यात आतून आवाज आला आणि माझा हात तसाच राहिला.

"...'वाचनालय उघडण्याच्या आधीच ते पायरीवर बसलेले असत स्वल्पविराम हातात कालचंच वर्तमानपत्र पूर्णविराम.' अक्का, 'कालचंच' झकास आहे हं. पुढे?"

तो माझा आवाज होता. आता सकाळी बोलताना जो घोगरेपणा येतो तो त्यात नव्हता.

मी बेल वाजवली. एक ठेंगणी, पांढऱ्या कापलेल्या केसांची बाई बाहेर आली. आवाजावरून मी तिला नेहमी उंच समजत होते.

"कोण पाहिजे?"

"अक्का, मी."

ती जाळीतून माझ्याकडे बघत राहिली. मग मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"आवाज बसलाय तुझा," ती म्हणाली, आणि कडी काढली. "ये की आत. बस."

मी बसले. तिने पाणी आणलं. आतल्या खोलीत टेबलावर पडदा उजळलेला दिसत होता, त्यावर तिचा लेख, आणि लेखावर करडा ठिपका वाट बघत थांबलेला.

"किती दिवस वाचतेस तिच्याबरोबर?"

"सात वर्षं होतील आता. गुरुवार मोकळा जायचा, काय करू? पहिले काही महिने तुझी फार आठवण यायची, अश्विनी. इतका राग असून यायची. मग प्रयोगशाळेचं पत्र आलं, ही घरात आली. हळूहळू आठवण यायची बंद झाली."

तिला हे मला लागावं म्हणून बोलायचं नव्हतं. होतं तसं सांगत होती, म्हणून जास्त लागलं. मी इकडे गुरुवार आला की घर सोडून पळत होते, आणि ही इथे आरामात माझ्याबरोबर वाचत बसली होती. माझ्याकडून माझी जागा माझ्याच आवाजाने घेतली होती. बसच्या प्रवासात जुळवून ठेवलेलं सगळं मी विसरले आणि नेहमीचंच बोलले.

"अक्का, त्या पत्राचं... माझी चूक झाली. मला खरंच लेख वाटला गं."

ती उठली. कपाटातून एक कागद काढून आणला. माझ्या तेरा खुणा तांबड्या शाईत छापलेल्या होत्या. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि आतला पडदा उचलून माझ्यासमोर आणून टेकवला.

"ही आल्या आल्या मी तिला पहिलं काय वाचायला दिलं असेल? हेच. बघ."

पडद्यावर तिचं पत्र आलं. ठिपका धावू लागला. माझाच ठिपका, तो कुठे अडणार हे मला आधी कळत होतं. जिथे तेरा खुणा होत्या तिथे तो बरोबर थोडा थोडा थांबला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आला आणि तिथेच उभा राहिला. मागे गेला, परत आला. पुन्हा मागे गेला. असं चार वेळा.

ती ओळ अशी होती: 'ह्यांच्या फोनवर सकाळी सहाचा गजर अजून होतो. मी तो बंद करत नाही, पाच मिनिटं पुढं ढकलते. असं करत करत आठ वाजवते.'

"आता तुझ्या कागदावर बघ," अक्का म्हणाली. "तेरा खुणा आहेत. ह्या ओळीवर आहे काय?"

नव्हती.

"दहा वर्षं मी तुझी फुली बघितलेय. थांबलीस आणि फुली मारली नाहीस, असं एकदा तरी झालंय? लेख वाटला असता तर इथं सगळ्यात मोठी मारली असतीस." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "हे यंत्र एवढंच सांगतंय की अश्विनी इथं थांबते. का थांबते, ते सांगत नाही. त्याला ठाऊकच नाही. मी सात वर्षं थांबलेय, तू सांगशील म्हणून. तू म्हणतेस, गैरसमज झाला."

मला वाटलं उठावं आणि चालू पडावं. पण बस सहाची होती, तोवर जाणार कुठे?

"पत्र आहे ते मला कळलं होतं," मी म्हणाले. "पहिल्याच ओळीला."

तिने माझ्या मांडीवरचा कागद उचलून घेतला.

"ह्या ओळीशी आले, आणि अक्का, मला वाईट नाही वाटलं. तुझा हेवा वाटला. तुझा नवरा जाऊन महिना झालेला, तू रडत लिहिलेलं, आणि मी इथं बसून म्हणतेय, हिच्याकडं पुढं ढकलायला कुणाचा तरी गजर आहे. मी गेले तर कुणी माझं काय पुढं ढकलणार? आई गेली तेव्हा तिचं सगळं मी आठवड्यात आवरून टाकलं होतं. इतकी लाज वाटली मला माझी. मग तुला लिहायचं काय? वेलांट्या दिसत होत्या, त्या नीट केल्या आणि पाठवून दिलं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होऊन निघून गेली तरी अक्का कागदाकडेच बघत होती.

"हं, पुढे?" पडद्यातून मी म्हणाले.

अक्काने हात लांब करून पडदा बंद केला. मग पदराने डोळे पुसले, माझे नव्हे, स्वतःचे, आणि चांगली चिडून म्हणाली, "हेच लिहून पाठवली असतीस तर मी त्याच दिवशी फोन केला असता, गाढवे! हेवा वाटला तर वाटला. मला तेव्हा कुणाला तरी काही तरी वाटायला हवं होतं. आली ती सगळी माणसं 'धीर धर' म्हणून जेवून गेली."

मग आम्ही बराच वेळ भांडलो. सात वर्षांचं होतं, लगेच संपणारं नव्हतं. सहाची बस गेली. तिने पिठलं टाकलं, मी कांदा चिरला, चिरताना ती दोनदा म्हणाली की जाड चिरतेस. पुस्तकाची पानं घातलेली माझी पिशवी दाराशी तशीच पडून होती. मी पुस्तकाचं नाव काढलं नाही, पिशवीत काय आहे ते तिने विचारलं नाही.

जेवणानंतर तिने मला आतल्या खोलीत अंथरूण घालून दिलं.

"सकाळी सहाला गजर होईल," ती दाराशी उभी राहून म्हणाली. "दचकू नकोस."

दचकले नाही. साडेपाचपासून मी जागीच होते. सहाला गजर झाला तो मात्र माझ्या कानाशी. उशीजवळ हात घातला तर एक जुना फोन, कडांचा रंग गेलेला, तारेला लावलेला. पलीकडच्या खोलीतून अक्काचा झोपेतला आवाज आला.

"अश्विनी, तुझ्या उशाशीच ठेवलाय बघ. पाच मिनिटं ढकल."

मी ढकलला.